प्रकरण चौदावं : पाटीवरचं साल

रविवारी सकाळी बैठक तिसऱ्या मजल्यावर होती. घरातल्या सगळ्या बैठका तिसऱ्या मजल्यावरच व्हायच्या, कारण दादांची बायको, म्हणजे वहिनी, खाली येत नसत, आणि वहिनींशिवाय बैठक घेतली तर दादा आणि आत्या बोलणार कसे हा प्रश्न होता. त्यांचे वडील नाना गेले आणि तळमजला आत्याच्या नावावर निघाला. त्याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ही सख्खी भावंडं एकमेकांशी थेट बोलली नव्हती. भांडण नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. दोघं एकाच खोलीत बसत, एकाच किटलीतला चहा घेत, आणि जे सांगायचं ते वहिनींना सांगत.

"आली का ती?" दादांनी वहिनींना विचारलं. आत्या त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती.

"आल्या," वहिनी म्हणाल्या. "बसा वन्सं. केवढा दम लागलाय."

"त्याला सांगा, सेहेचाळीस पायऱ्या आहेत. सहासष्टाव्या वर्षी दम लागणारच."

"ऐकलं मी," दादा वहिनींना म्हणाले.

वहिनी एकोणीस महिने खाली उतरल्या नव्हत्या. दोन्ही गुडघ्यांनी एकाच वर्षी राजीनामा दिला होता. मागे एकदा दवाखान्यात न्यायला चार माणसांनी त्यांना खुर्चीसकट उचललं, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चौघांपैकी एकाला शिंक आली. पुढचं वहिनी सांगत नसत. तेव्हापासून डॉक्टरच वर येत, आणि येताना तेही जिन्यात एकदा बसून घेत.

म्हणून तर इमारत पाडायची होती. नवी होणार, तिला लिफ्ट असणार. बिल्डर ठरला होता, नकाशे झाले होते, पाडण्याच्या अर्जावर सगळ्या मालकांच्या सह्या झाल्या होत्या. धाकट्या भावाने परदेशातून सही टपालाने पाठवली. आत्याने समोर बसून केली. हात जराही कापू दिला नाही. पेंटरचा हात होता. कापलेला दिसला असता तर धंद्याला बट्टा.

"आता नीट ऐका," वकीलसाहेब म्हणाली. ही दादांची मुलगी. सहा वर्षांची असताना शाळेतल्या डब्यावरून तिने हेडमास्तरांशी वाद घातला होता आणि तेव्हापासून तिला वकीलसाहेबच म्हणत. पुढे तिने रीतसर शिकून ते नाव खरं केलं. "नगरपालिकेने आपला अर्ज जुन्या इमारतींच्या समितीकडे पाठवलाय. बुधवारी सुनावणी."

"नाही म्हणतील?" वहिनींनी विचारलं.

"त्यांना नाही म्हणायचा अधिकारच नाही. नियमच तसा आहे. इमारत पंच्याहत्तर वर्षांच्या वरची असेल तर समिती फक्त 'आत्ता नको' म्हणू शकते. जास्तीत जास्त बारा महिने. बारा महिन्यांनी तुम्ही खुशाल पाडा."

"मग बारा महिन्यांत होतं काय?"

"मालकाला सुबुद्धी सुचावी अशी अपेक्षा असते."

"आणि नाही सुचली तर?"

"तर परवाना."

दादा आयुष्यभर नोंदणी कार्यालयात होते. त्यांना हा नियम मनापासून आवडलेला दिसला. "चांगली तरतूद आहे," ते म्हणाले. "पण आपला काय संबंध? आपली इमारत छप्पन सालची. पंच्याहत्तरला अजून बराच अवकाश आहे."

"हे समितीला माहीत नाही बाबा. नगरपालिकेत छप्पन सालची रजिस्टरं नाहीत. वाळवीने वाचून संपवली. आणि नियमात लिहिलंय, कागद नसेल तर इमारतीच्या दर्शनी भागावर जे साल असेल ते धरायचं."

दर्शनी भागावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध, प्रत्येकी दीड फूट उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं : नाना पेंटर आणि कंपनी, स्थापना १९११.

कंपनी कधीच नव्हती, हा भाग सोडून देऊ. एकोणीसशे अकरा साली नानाही नव्हते. त्यांचा जन्म पंचवीसचा. म्हणजे जन्माच्या आधी चौदा वर्षं त्यांनी धंदा थाटला होता.

"आजोबांचा जन्मदाखला नेऊन दाखवला मी," वकीलसाहेब म्हणाली. "कारकून म्हणाला, इमारत मालकाच्या आधी जन्माला येऊ शकते. तसं बहुतेक वेळा होतंच. तेव्हा आता कुणीतरी शपथेवर सांगायला हवं की पाटीवरचं साल खोटं आहे. ज्याने ते रंगवताना पाहिलं असेल अशा माणसाने." तिने आत्याकडे पाहिलं नाही. बाकी कुणीच पाहिलं नाही. तीन माणसं एका माणसाकडे न बघता बसली की त्या माणसाला ते बरोबर कळतं.

"ते होणार नाही," दादा म्हणाले.

"काय होणार नाही?"

"नानांना भर सभेत खोटं पाडायचं नाही."

"बाबा, त्यांनी बांधलेली इमारत पाडायला तुम्ही अर्ज केलाय."

"इमारत पाडा. नानांना हात लावायचा नाही."

"मग आईची लिफ्ट? बिल्डरचं पत्र आलंय. महिनाअखेर परवाना मिळाला नाही तर तो नदीपलीकडच्या प्लॉटवर जाणार. एकदा तिकडे गेला की गेला."

लिफ्ट हा शब्द निघाला की सगळे वहिनींच्या गुडघ्यांकडे बघत, आणि वहिनी त्यांच्यावर शाल ओढून घेत. जसं काही वर्गात गुडघ्यांचं नाव पुकारलंय.

"तिला सांग," दादा वहिनींना म्हणाले, "की तिने काहीही बोलायचं नाही."

"त्याला सांगा," आत्या म्हणाली, "मी अजून काही बोललेच नाहीये."

*

सोमवारी आत्या तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरची पाटी करत होती. रस्त्याकडचा मोठा दरवाजा उघडा, डाव्या अंगाने येणारा उजेड, गुडघ्याइतक्या उंच स्टुलावर ती, समोर घोडीवर पत्रा. आठवड्याला एखाददुसरी पाटी मिळायची. बाकीचं गाव छापील फलकांकडे गेलं होतं. नव्या इमारतीत तिला पार्किंगच्या शेजारचा गाळा मिळणार होता, आणि तोही तीन वर्षांनी. गाळ्याला खिडकी नव्हती. पण तिला खिडकीचं तेवढं वाटत नव्हतं. तीन वर्षं हात बंद ठेवला तर तो परत चालेल की नाही, याची तिला खात्री नव्हती. हे ती कुणाला बोलली नव्हती. सही करून झाल्यावर असलं बोलायचं नसतं.

समिती 'आत्ता नको' म्हणाली तर बारा महिने. आणि बिल्डर निघून गेला तर कदाचित कायमचेच. रात्री झोपताना ती हा विचार करायची आणि सकाळी त्याची लाज वाटून घ्यायची. दोन्ही नेमाने.

"आत येऊ का?" चष्मेवाला म्हणाला. तो आधीच आत आला होता. मागे छत्रीवाला, त्याच्यामागे चपलांच्या दुकानाचा मालक. तिघांनी जणू कुणी गेल्यासारखे चेहरे केले होते.

"बसा. ओल्या पाटीवर नका बसू."

"कानावर आलं," छत्रीवाला म्हणाला, "की तुम्ही बुधवारी साक्ष देणार."

"कुणी सांगितलं?"

"तुमची वकीलसाहेब माझ्याकडे चष्म्याला आली होती," चष्मेवाला म्हणाला. "नंबर काढताना माणूस बोलतोच."

त्यांचं दुखणं आत्याला माहीत होतं. या बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक दुकानाची पाटी नानांनी रंगवली होती, आणि नानांची एक रीत होती. नाव, माल, पत्ता लिहून झाला की ते शिडीवरून खाली विचारत, "साल कितीचं टाकू?" कालच उघडलेल्या दुकानालाही विचारत. लोकांचा जुन्या दुकानावर विश्वास बसतो, एवढं सोपं होतं ते. मात्र त्यातही शिस्त होती. एकाच मालाच्या दोन दुकानांना एक साल द्यायचं नाही. शेजाऱ्यापेक्षा जुनं व्हायचं असेल तर आधी शेजाऱ्याची परवानगी आणायची. आणि पेंटरची स्वतःची पाटी सगळ्यांत जुनी हवी, कारण डॉक्टरने आजारी दिसून चालत नाही. पन्नास वर्षांत बाजारातल्या तमाम दुकानांचं वय नानांनी असं शिडीवर उभ्या उभ्या ठरवलं होतं.

"माझ्या प्रत्येक डबीवर छापलंय, १९२३ पासून," चष्मेवाला म्हणाला. "चार हजार डब्या पडून आहेत."

"तुझं तरी डब्यांवर आहे," छत्रीवाला म्हणाला. "मी गेल्या वर्षी शताब्दी केली. नगराध्यक्ष आले होते. त्यांनी माझ्या आजोबांवर दहा मिनिटं भाषण केलं."

"तुमचे आजोबा छत्र्या विकायचे?"

"आजोबा पोहण्याचे शिक्षक होते."

चपलांचा मालक पुढे सरकला. तो म्हणाला, "आत्याबाई, एक साल खोटं निघालं की लोक दुसऱ्या पाट्यांकडे बघणार. तुमचं अकरा पडलं की माझं सतरा पडलंच म्हणून समजा. तुम्ही काहीही खोटं बोलू नका, असं मी म्हणत नाही. तुम्ही फक्त बुधवारी आजारी पडा."

"डॉक्टरचा दाखला मी आणतो," छत्रीवाला म्हणाला.

आत्याने दाताच्या चित्राला बाहेरून बारीक काळी रेघ दिली. सगळा हिशोब असा जुळत होता की संशय यावा. ती गप्प राहिली तर नाना खरे, बाजार खरा, दादा खूश, आणि तिची खोली शाबूत. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला भावाच्या मनासारखं वागायची संधी आली होती, आणि तिला त्यासाठी काहीही करायचं नव्हतं.

संध्याकाळी ती नेहमीसारखी वर गेली. दादा फिरायला गेले होते. वहिनी शेंगा सोलत बसल्या होत्या. आत्याने निम्म्या शेंगा आपल्याकडे ओढल्या.

"बाजारवाले आले होते," ती म्हणाली.

"ऐकू येतं सगळं वर. पोहण्याचे शिक्षक."

दोघी हसल्या.

"वहिनी, तुम्हाला काय वाटतं? मी काय करू?"

"मला नका विचारू वन्सं."

"का?"

"विचारलंत तर मी खरं सांगेन, आणि मग तुम्हाला साक्षीला जावं लागेल." त्यांनी एक शेंग सोलली, दाणे किडके निघाले, बाजूला ठेवले. "नाना माझे सासरे. इथे आले तेव्हा मला अक्षर चांगलं काढता येत नव्हतं तर त्यांनी मला पाटी-पेन्सिल आणून दिली होती. त्यांना खोटं पाडा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि नका पाडू असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू? म्हणून म्हणते, विचारू नका."

आत्याने पुन्हा विचारलं नाही. पण उत्तर मिळालं होतं.

*

समितीची सुनावणी नगरपालिकेच्या वरच्या सभागृहात होती. जुन्या इमारतींची समिती असल्यामुळे तिला नव्या इमारतीतलं सभागृह दिलं होतं. पाच सदस्य. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका, समोर स्वयंपाकघरातलं अंडी उकडायचं घड्याळ. प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटं. सदस्यांतला एकजण पूर्ण वेळ छताकडे बघत होता. तो छतांचा तज्ज्ञ होता असं मागाहून कळलं.

इतक्या गर्दीची समितीला सवय नव्हती. एरवी सुनावणीला मालक, वकील आणि ऊब मिळावी म्हणून आलेले एक आजोबा असत. आज सगळा बाजार दुकानं बंद करून आला होता.

"एवढ्या लोकांना या इमारतीबद्दल आस्था आहे हे पाहून समितीला आनंद होतो," अध्यक्षबाई म्हणाल्या.

आस्था एकेकाने मांडली. चष्मेवाल्याने सांगितलं की ही इमारत १९११ ची आहे हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आहे. छत्रीवाल्याने सांगितलं की ती त्याच्या दुकानापेक्षा नक्की जुनी आहे, आणि त्याच्या दुकानाची शताब्दी झाली याला नगराध्यक्ष साक्षीदार आहेत. चपलांच्या मालकाला बोलताना भरून आलं. ते खरं भरून येणं होतं. फक्त इमारतीसाठी नव्हतं.

दादा पहिल्या रांगेत बसून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. वकीलसाहेब त्यांच्या कानाशी लागली. "बाबा, ही माणसं आपल्या विरुद्ध बोलतायत."

"पण किती चांगलं बोलतायत," दादा म्हणाले.

मग वकीलसाहेब उठली आणि म्हणाली की अर्जदारांपैकी एकजण बोलू इच्छितात. तिला हे माहीत नव्हतं. तिने नुसतंच मागे वळून पाहिलं होतं आणि आत्या उभी राहिली होती.

"व्यवसाय?" कारकुनाने विचारलं.

"पेंटर."

घड्याळ टिकटिकायला लागलं.

"ती पाटी एकोणसत्तर सालची आहे," आत्या म्हणाली. "मी तेव्हा अकरा वर्षांची. पाटी नानांनी रंगवली, पण शेवटचे दोन आकडे माझे आहेत. 'स्थापना' आणि 'एकोणीस' एवढं काढून ते शिडीवरून खाली उतरले आणि मला म्हणाले, आता तू चढ, तुला जो येतो तो आकडा काढ. मला तेव्हा एकच आकडा नीट यायचा. एक. मी तो काढला. खाली येऊन म्हटलं, पुढचा मला येत नाही. नाना म्हणाले, मग तोच परत काढ."

सभागृहात कुणीतरी खोकलं आणि मध्येच थांबलं.

"म्हणजे इमारत केव्हाची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"छप्पनची."

"याला काही पुरावा?"

"माझा भाऊ तेव्हा तीन वर्षांचा होता. पाया खणताना विटांच्या ढिगावरून पडला. हनुवटीवर खूण आहे."

पाचही सदस्यांनी दादांकडे पाहिलं. छतवाल्यानेसुद्धा. दादांनी हनुवटी हाताने झाकली, आणि याहून चांगला पुरावा समितीसमोर आजवर कुणी सादर केला नसेल.

"खाली बस!" दादा ओरडले.

नऊ वर्षांनंतर हे पहिले शब्द होते. आत्याला ते आधी कळलेच नाहीत. सवयीने ती वहिनी कुठे आहेत ते बघायला लागली. मग म्हणाली, "माझी तीन मिनिटं अजून व्हायचीयत."

"नानांना खोटं ठरवतेस? भर सभेत?"

"नाना खोटं बोलले नाहीत, दादा. त्यांनी मला शिकवलं. साल मी चुकवलं. लिफ्ट वहिनींना हवीय, तुला नाही, मला नाही, नानांना तर नाहीच नाही. त्यांची सून एकोणीस महिने वर बसलीय, आणि तू हनुवटी झाकतोयस."

घड्याळ वाजलं. आत्या बसली. उजवा हात डाव्या हाताखाली ठेवून ती समोर बघत राहिली.

बाजार मात्र उभा राहिला होता. सगळे एकदम बोलत होते. छत्रीवाला शताब्दीचा फोटो उंच धरून दाखवत होता. अध्यक्षबाईंनी घड्याळ पुन्हा चावी देऊन वाजवलं, आणि ज्यांची शाळा संपून पन्नास वर्षं झाली होती ते सगळे खाली बसले.

सदस्यांची आपसात कुजबुज झाली. मुख्याध्यापिकेचं बोट नियमांच्या पुस्तकावरून फिरलं, थांबलं, परत मागे आलं.

"समितीचा निर्णय असा," त्या म्हणाल्या. "साक्षीवर समितीचा पूर्ण विश्वास आहे. इमारत पंच्याहत्तर वर्षांची नाही."

वकीलसाहेबने आत्याचा हात घट्ट पकडला.

"परंतु कलम सहा, पोटकलम ख. वय भरत नसलं तरी, एखाद्या इमारतीमुळे भोवतालच्या व्यवसायाची रीत घडली असेल, तर समिती विलंब लावू शकते. समितीला वाटत होतं की ही इमारत जुनी आहे म्हणून महत्त्वाची आहे. आता कळलं की तिच्यामुळे सगळा बाजार जुना झाला. असं दुसरं उदाहरण समितीच्या माहितीत नाही. बारा महिने."

वकीलसाहेबने पकडलेला हात तसाच हातात राहिला.

"आणि आमची सालं?" चपलांचा मालक म्हणाला. त्याला राहवलं नाही.

"ती या समितीच्या अखत्यारीत येत नाहीत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "समिती फक्त पाडायला काढलेल्या गोष्टींवर बोलते. तुम्ही दुकान पाडताय का?"

"नाही, नाही."

"मग नाही."

*

सुनावणी संपली आणि तिघं घराचा जिना चढू लागली. दादा पुढे, मागे वकीलसाहेब, सगळ्यांत मागे आत्या. प्रत्येक वळणावर आत्याला वाटत होतं की आपण जे मागायची लाज धरत होतो ते आपल्याला मिळालं, आणि तेही खरं बोलून. तिला आनंद व्हायला हवा होता. तिने आतमध्ये शोधून पाहिलं. नव्हता.

वहिनींनी तिघांचे चेहरे पाहिले आणि शेगडी बारीक केली. "बारा का?"

"बारा," वकीलसाहेब म्हणाली. "बिल्डरचा फोन येऊन गेला. तो चालला."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "चहा टाकते."

एवढंच. एकोणीसमध्ये बारा मिळवले तर किती, हे कुणी बोलून दाखवलं नाही. वहिनी टेबलाला धरत, मग खुर्चीला धरत, मग भिंतीला धरत कपांपर्यंत गेल्या. ते अंतर आठ पावलांचं होतं. आत्याने ते पहिल्यांदाच मोजलं.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही खाली या. माझ्या खोलीत. मी वर येते."

कप वाजायचे थांबले.

"मोरी आहे, नळ आहे. दरवाजा रस्त्याच्या पातळीला. उंबराही नाही, नानांनी मोठ्या पाट्या सरकवायला काढून टाकला होता."

"ती तुझी खोली आहे," दादा म्हणाले. वहिनींना नाही, तिलाच.

"माझी आहे म्हणूनच देता येतेय."

"आणि तुझं काम?"

"पाट्या वर रंगवीन, खाली आणीन. पाट्यांना गुडघे नसतात. माझे आहेत तोवर चालतील." त्या डाव्या अंगाच्या उजेडाला तिचा हात पंचावन्न वर्षं सरावला होता. "इथला उजेड वेगळा आहे. बघू. सवय होईल, नाही झाली तर अक्षरं जरा तिरकी येतील."

वकीलसाहेब खुर्चीत बसली. तिने आपली फाईल उघडली, आतले नकाशे, अर्ज, पत्रं, तीन मालकांच्या सह्या एकदा पाहिल्या आणि फाईल मिटली. "बाबा," ती फार शांतपणे म्हणाली, "हे आधी का नाही सुचलं?"

"सुचलं होतं," दादा म्हणाले.

"कधी?"

"पहिल्याच महिन्यात."

"मग मागितलं का नाही?"

दादांनी हाताने टेबलाची कड पुसली. "कसं मागायचं?"

"म्हणजे बहिणीकडे एक खोली मागण्यापेक्षा तीन मजली इमारत पाडणं तुम्हाला सोपं वाटलं?"

"पाडायला फॉर्म असतो," दादा म्हणाले.

आत्याला हसू आलं, आणि ते आवरायला ती भिंतीकडे वळली. वहिनींनी आवरलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि शालीत तोंड घालून इतक्या हसल्या की दादा काळजीने पाणी घेऊन आले.

"मी विचार करते," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "इतकी वर्षं तुमच्या टर्पेंटाइनचा वास सेहेचाळीस पायऱ्या चढून येतोय, वन्सं. तिथे झोपायचं म्हणजे."

"आठवडाभर दारं उघडी ठेवते."

"दोन आठवडे."

"दोन."

"आणि खुर्चीतून नेणार असाल तर एकदाच. परत वर आणायचं नाही. आणि ज्याला शिंका येतात तो नको."

दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी खुर्ची उतरली. चार कोपऱ्यांना चौघं : चष्मेवाला, छत्रीवाला, चपलांचा मालक, आणि दादा, ज्यांना सगळ्यांनी नको म्हटलं होतं. बाजाराने झाल्या प्रकाराबद्दल आत्याला माफ केलं नव्हतं, पण खुर्चीचं वेगळं. वकीलसाहेब पुढे उलटी उतरत पायऱ्या सांगत होती. आत्या खालून ब्रशांचा डबा छातीशी धरून वर चालली होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिने भिंतीला अंग चिकटवून खुर्चीला वाट दिली. त्या अरुंद जागेत वहिनींनी तिच्या हातावर हात ठेवला, आणि कुणी काही बोलायच्या आत खुर्ची पुढे गेली.

डबा तिथेच पायरीवर ठेवून आत्या त्यांच्यामागून खाली आली.

तळमजल्यावर भाड्याने आणलेली चाकांची खुर्ची तयार होती. वहिनींना तिच्यात बसवलं. चौघं घामाघूम होऊन भिंतीला टेकले. दादांनी खोली दाखवायला सुरुवात केली. इथे पलंग, इथे कपाट, इथे मोरी. वहिनींनी तिकडे मान वळवली नाही. त्या उघड्या दारातून बाहेर बघत होत्या.

"बाहेर न्या मला."

दादांनी खुर्ची रस्त्यावर आणली. उन्हात वहिनींनी डोळे बारीक केले.

"कुठे जायचंय?" दादांनी विचारलं. "डॉक्टरकडे? देऊळ? काही आणायचंय का?"

"उजवीकडे."

"उजवीकडे काय आहे?"

"ते मला काय माहीत?" वहिनी म्हणाल्या. "माझ्या खिडकीतून नुसतं डावीकडचंच दिसतं."